मध्यरेषेपलीकडचा राजीनामा

आमच्या क्लबाचे अध्यक्ष भाऊसाहेब जाचक दरवर्षी राजीनामा द्यायचे आणि चहा निवायच्या आत स्वतःच परत घ्यायचे. यंदा निमित्त झालं बास्केटबॉलचं. अंतिम सामन्यात त्यांच्या पुतण्याने चेंडू मध्यरेषेपुढे नेला आणि परत मागे सोबत्याकडे फेकला. पंच कुमुदताई तारळेकरांनी शिट्टी फुंकली. चेंडू समोरच्या संघाला मिळाला, पाठोपाठ करंडकही.

भाऊसाहेब तरातरा मैदानात आले. "बाई, निर्णय फिरवा, नाहीतर हा माझा राजीनामा." कागद त्यांनी चिटणिसाच्या हातात कोंबला.

पंचांची यादी भाऊसाहेबच करत. वीस वर्षं जपलेली शिट्टी आज जाणार, हे कुमुदताईंनी ओळखलं. निर्णय मात्र फिरवला नाही.

"आण रे तो कागद," भाऊसाहेब चिटणिसाला म्हणाले. "आधी बाईंना काढतो. आमचाच चेंडू आम्ही मागे घेतला, तर बिघडलं कुठं?"

"पुढे नेलेलं आपणच मागे आणायचं नाही, एवढाच नियम आहे," कुमुदताई थकल्या आवाजात म्हणाल्या. "समोरच्याचा हात लागून मागे आलं, तर खुशाल घ्या. विरोधी गटाचे वाळिंबे इथंच उभे आहेत. त्या कागदाला लावायला सांगा हात."

उपाध्यक्ष वाळिंब्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. चिटणिसाने कागद फायलीत लावला.

संध्याकाळी नवे अध्यक्ष वाळिंबे कुमुदताईंना गाठून म्हणाले, "पुढच्या वर्षी आमचा भाचा खेळतोय हं, बाई."

कुमुदताईंनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि परत न मागता घरी गेल्या.