वर न चढणारी चांदणी

"पायगुण, दुसरं काय! आणि वर त्या गोसावड्याला रोज भाकरी वाढते."

विहिरीवर दोघी कुजबुजत होत्या, तेही आवडीच्या कानांवर नीट पडेल अशा बेतानं.

उदयगीर महाराज त्या काळी आगरवेळ बंदरात पिंपळाखाली उतरले होते. आवडी त्यांना रोज भाकरी नेऊन देई. तिचा नवरा धाकू तांडेल हरबाशेटचं गलबत हाकारी. मीठ भरून गेलेलं ते गलबत अजून परतलं नव्हतं. अमावास्येला काळोख आणि उधाण एकदमच येतात, म्हणून धाकू नकोच म्हणत होता. "बीजेची कोर दिसू दे, मग निघतो." शेटनं धक्क्यावर त्याला भित्रा म्हटलं आणि दोर सोडायला लावला. साऱ्या गावानं पाहिलं. पण साऱ्या गावाची चूल शेटच्या गलबतांवर! मग दोष कुणाचा? आवडीचा! सांगतानाही चीड येते हो.

त्या संध्याकाळी भाकरी ठेवता ठेवता तिला रडू फुटलं. शेट तिथूनच चालले होते. थांबले, हसले.

"रड, रड. चंद्राची कोर दिवेलागणीलाच बुडते. शुक्राचा तर अस्त आहे, पंचांगात बघ. पहाटेची चांदणी नाही, तर पूर्व कुठं ते तांडेलाला कळणार कसं? की तुझे महाराज नवी चांदणी लावणार?"

महाराजांचे डोळे लाल झाले. "लावतो," महाराज म्हणाले. "पण शेट, अमावास्येला दोर कुणी सोडायला लावला, तेवढं सांगा."

शेट दर्याकडं बघू लागले. पिंपळाखाली माणसं जमली होती. कुणी खोकलं, कुणी उगाच जाळ्याची गाठ तपासली.

महाराज उठले, ते थेट खाडीच्या तोंडाशी कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले.

"महाराज, थंडी आहे हो," आवडी कळवळली.

"धाकूलाही आहे, बाय."

ओहोटीनं पाणी मागं सरलं, तसे महाराज पुढं सरत गेले.

सकाळी गलबत खाडीत शिरलं! शीड फाटलेलं, पण माणसं सगळी जिवंत. धाकू धक्क्यावर उतरला.

"चहूकडं मळभ. आणि एकाएकी समोर शुक्र दिसला, पाण्यापासून वीतभर वर. गलबताची नाळ, पुढचं टोक, त्याच्यावरच धरली."

"शुक्राचा अस्त आहे," शेट पुटपुटले.

"तेच तर, शेट! तारा उगवला की वर चढतो. हा चढेचना. रात्रभर वीतभरच. खाडीच्या तोंडाशी आलो, तर तारा नाही. तिथं महाराज उभे!"

महाराज ओल्या वस्त्रांनिशी बाहेर आले. ओठ निळे पडलेले. शेटनं चिखलातच त्यांचे पाय धरले.

"चुकलो, महाराज! दर्याचा कोप झाला, नशीबच तसं..."

महाराजांनी पाय मागं घेतले. "अजून दर्याचाच कोप? नमस्कार इथं नको." त्यांनी आवडीकडं बोट दाखवलं. "तिथं कर."

सारा धक्का बघत राहिला. शेट आवडीपुढं वाकले आणि मान वर न करताच म्हणाले, "गलबत माझ्या हट्टानं गेलं, आवडाबाय. धाकू नको म्हणत होता."