सुकाणूखालचा सांधा

पूर्वी शूर्पारक बंदरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तारवांचे सांधे बुजवणाऱ्या कारागिरांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव उत्तरक. फळी आणि फळी यांच्यामध्ये काथ्या ठासायचा आणि वरून राळ-तेलाचा लेप द्यायचा, असा तो धंदा. त्या आळीचा एक दंडक होता. शेवटचा सांधा बुजला की सगळी मजुरी एकदम मिळे. एक जरी सांधा राहिला तर कवडीही नाही. अर्धवट कामाच्या तारवात कोणी माणसे बसवू नयेत म्हणून जुन्या लोकांनी तो घातला होता. हेतू चांगलाच होता, पण लबाडाला चांगल्या दंडकातही हात घालायला जागा सापडते.

मणिदत्त व्यापाऱ्याला ती सापडली. उत्तरकाने त्याच्या तारवावर सबंध हिवाळा काम केले. सुकाणूखालचा एकच सांधा उरला, त्या दिवशी मणिदत्ताने त्याला हाक मारून खाली उतरवले. "दमलास बाबा, घरी जा, उद्या बघू," असे मायेने म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने उत्तरकाला वाटेतच अडवले. राहिलेल्या फटीवर मणिदत्ताने उत्तरकाच्या डोळ्यांदेखत नोकरांकडून नुसती राळ फासून घेतली आणि तारू पाण्यात लोटले. मजुरी मागायला जावे तर उत्तर तयार असे: "काम टाकून पळालास."

घरात चूल पेटेना, तेव्हा उत्तरकाची बायको तिष्या हिने त्याची छिन्नी आणि मोगरी सावकाराकडे गहाण टाकली. मुदतीच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ती हत्यारे सोडवली नाहीत तर सावकार विकून मोकळा होणार होता. हत्यारे गेली की धंदा गेला, हे तिला कोणी सांगायला नको होते.

जकातनाक्यापाशी राजाने एक लहान न्यायासन मांडले होते. थोड्या पैशांचे तंटे तिथे चालत. कोणाच्या वतीने कोणी बोलायचे नाही, शुल्क नाही, निकाल त्याच दिवशी. दावा लागला की तारवाच्या दोराला कडुलिंबाची डहाळी बांधत, आणि ती सुटेपर्यंत तारू हलत नसे. उत्तरकाला भांडायचे जिवावर आले होते. मुदतीच्या दिवशी सकाळी तिष्येनेच त्याला तिथे नेले आणि डहाळीही तिनेच बांधली. तारवात माल भरला होता, भरती चढत होती, वल्हेकरी काठावर उकिडवे बसून निकालाची वाट बघत होते.

न्यायासनावर सोमरक्षित नावाचे अमात्य होते. त्यांनी आधी मणिदत्ताला बोलू दिले.

"महाराज, ह्यानं शेवटचा सांधा बुजवला नाही. दंडकाप्रमाणे मी काही देणं लागत नाही."

"म्हणजे तो सांधा उघडा आहे?"

मणिदत्त अडखळला. हो म्हणावे तर वल्हेकरी ऐकत होते. "छे, छे! बुजलाय. माझ्या नोकरांनी बुजवलाय."

"आळीबाहेरच्या हाताचं काम वेगळं धरत नाहीत, ते तारवावरच्या कारागिराच्याच नावावर जातं. तारवावर ह्याच्याखेरीज दुसरा कारागीर नव्हता. सांधे सगळे बुजलेत असं तूच म्हणतोस. मग मजुरी ह्याची. ठेव इथे."

मणिदत्ताने दात-ओठ खात नाणी चटईवर ठेवली. तिष्येच्या जिवात जीव आला. आता रीतीची एक गोष्ट राहिली होती. अमात्यांनी शपथेसाठी समुद्राच्या पाण्याचे भांडे पुढे सरकवले. "उत्तरका, पाण्यात हात ठेव, सर्व सांधे बुजलेत असं म्हण, आणि पैसे उचल."

उत्तरकाने पाण्यात हात ठेवला. पण त्याची नजर काठावरच्या वल्हेकऱ्यांकडे गेली होती. तिष्येने ते पाहिले. नुसती फासलेली राळ भर समुद्रात किती टिकते, हे त्यानेच तिला सांगितले होते.

"अहो, हो म्हणा," ती कुजबुजली. "एक शब्द. ती राळ आपण नाही फासली. ते पाप शेठचं."

"ती माणसं बुडतील, तिष्ये."

"आणि आपण रोज बुडतोय ते?"

त्याने हात पाण्यातून काढला नाही. "महाराज, एक सांधा उघडा आहे," तो म्हणाला. "सुकाणूखालचा. आत काथ्या नाही."

"ऐकलंत! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!" मणिदत्ताने झडप घालून नाणी उचलली.

अमात्यांनी सांगितले, "दंडक मला मोडता येत नाही. दावा फेटाळला." तारू अडवून धरण्याचा अधिकार त्या लहान न्यायासनाला नव्हता. दावा संपला, शिपायाने डहाळी सोडली. तिष्येने संतापाने नवऱ्याकडे पाठ फिरवली.

"चला रे, चढा!" मणिदत्त ओरडला.

कोणी उठले नाही. वल्हेकऱ्यांच्या म्हाताऱ्या तांडेलाने आपले वल्हे वाळूत आडवे टाकले. त्याच्यामागे एकेकाने टाकले.

"दुप्पट देतो!" मणिदत्त म्हणाला.

"शेठ, मेल्यावर कुठे खर्चायचे?" तांडेलाने विचारले.

मणिदत्त घामाघूम होऊन कारागिरांच्या आळीत पळाला. पण ज्याची मजुरी थकली आहे त्याच्या सांध्याला दुसरा कारागीर हात लावीत नाही, हाही आळीचा दंडकच होता. तो परत आला आणि उत्तरकासमोर हात जोडून उभा राहिला. "तिप्पट घे. पण सांधा बुजव."

"पाचपट मागा!" तिष्या म्हणाली. "सोडू नका ह्याला!"

"ठरली होती तेवढीच दे," उत्तरक म्हणाला. "पण आत्ता, हिच्या हातावर. हत्यारं गहाण आहेत."

तिष्या पैसे घेऊन सावकाराच्या दुकानाकडे धावत सुटली. वाटभर ती नवऱ्याला मनसोक्त शिव्या देत होती, आणि डोळेही पुसत होती. ती छिन्नी-मोगरी घेऊन आली तेव्हा सूर्य अजून वर होता. माल उतरवून तारू वाळूवर कलते केले होते. उत्तरकाने राळ खरवडली, काथ्या ठासला, लेप दिला. ती भरती हुकली. तारू पुढच्या भरतीला निघाले आणि सगळ्या माणसांसकट परत आले.

ही कथा भिक्षूंना आणि गृहस्थांना सांगून शास्ते बुद्ध म्हणाले, "तेव्हाचे अमात्य म्हणजे आजचा सारिपुत्र. तांडेल तो मौद्गल्यायन. तिष्या ती राहुलमाता. आणि उत्तरक मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भन्ते, आणि मणिदत्त?"

"तो इथेच बसला आहे. त्याला ठाऊक आहे."

ऐकायला आलेल्या गृहस्थांत कोणी कोणाकडे पाहिले नाही. मणिदत्त त्यांच्यात एकच होता; पण त्या दिवशी दिवेलागणीच्या आत नगरातल्या कितीतरी दारांवर मालक स्वतः चालत गेले आणि थकलेली मजुरी चुकती करून आले. या जन्मात बोधिसत्त्वाने पूर्ण केली ती सत्याची पराकाष्ठा, सत्यपारमिता.