जोमाची लाल पाटी

खाडीकाठच्या एका गावात जोमा नावाचा एक भोळा फिटर होता. गावाची मिठागरं बंदरात गेली, तेव्हा बंदरवाल्यांनी घरटी एक नोकरी दिली. जोमाच्या घरात पुरुष म्हणून जोमाच होता, म्हणून ती त्याला मिळाली. सहा महिने कच्ची, मग साहेबांना वाटलं तर पक्की. बायको हौसाबाय रोज डबा देताना एकच सांगे, "सायेब सांगल तसाच कर. सोताचा डोका चालवू नको." जोमाने तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला.

बंदरात स्टॅकर नावाचं धूड असतं. भरलेला कंटेनर काडेपेटीसारखा उचलून दुसऱ्यावर ठेवतं. पहिल्या दिवशी दुरुस्तीखात्याचे फोरमन घरतमामा म्हणाले, "जोमा, जिथून आवाज येल तिथं ग्रीस भर. आवाज बंद झाला पायजे."

"हो मामा."

जोमाने स्टॅकरभर कान लावला. सांधे गप्प होते. तेवढ्यात ड्रायव्हरने मशीन मागे घेतलं आणि मागचा भोंगा ओरडायला लागला. टीं, टीं, टीं. मशीन थांबताच जोमाने भोंग्यात दोन किलो ग्रीस कोंबलं. आवाज बंद. पुढच्या खेपेला स्टॅकर कुणाला न कळता मागे आला आणि मॅनेजर वर्तकसाहेबांच्या केबिनची भिंत घेऊन गेला. साहेब आत चहा पीत होते. साहेब वाचले, चहाही वाचला.

मामांनी कपाळाला हात लावला. "आरं, मशिनीला असा हात लावतात? आधी बंद करायची. कुलूप लावायचा. लाल पाटी टांगायची. किल्ली खिशात. काम पुरा झाल्याबिगर कुनाच्या बापाला उघडून द्यायचा नाय!"

"हो मामा."

पुढच्या आठवड्यात ऑफिसातल्या संडासाची बाहेरची कडी ढिली झाली. जोमा गेला. आधी बाहेरून कुलूप लावलं. लाल पाटी टांगली. किल्ली खिशात.

आतून वर्तकसाहेब ओरडले, "कोण आहे रे?"

"जोमा, सायेब. काम चालू हाय."

"अरे, उघड!"

"काम पुरा झाल्याव."

कडीला एक स्क्रू हवा होता. स्क्रू स्टोअरमध्ये. स्टोअरला अर्ज लागतो आणि अर्जावर मॅनेजरची सही. जोमाने अर्ज दाराखालून आत सरकवला. साहेबांनी निमूट सही करून परत सरकवला. तोवर स्टोअरला जेवणाची सुट्टी झाली. साहेब दुपारी तीनला बाहेर आले.

"गाढवा! कुलूप घालण्याआधी आत माणूस आहे का बघायचं! असला तर आधी त्याला बाहेर काढायचं! आणि किल्ली तुझ्या खिशात नको. स्टोअरमध्ये जमा करायची. सही-शिक्क्याशिवाय ती कुणाला मिळता कामा नये. अध्यक्ष आले तरी नाही!"

"हो सायेब." घरी जाईपर्यंत जोमा तेवढंच घोकत होता.

सहा महिने भरत आले आणि खरोखरच बंदराचे अध्यक्ष पाहणीला आले. जोमाच्या पक्क्या नोकरीचा कागद त्यांच्याच बॅगेत होता, फक्त सही बाकी. इकडे तीन नंबरचा स्टॅकर आठ महिने बॅटऱ्यांवाचून उभा. बॅटऱ्यांचा अर्ज कुणाच्या टेबलावर अडकलाय, हे त्या टेबलवाल्यालाही ठाऊक नव्हतं. स्टॅकरला पिवळाधमक रंग मात्र लागला होता. पाहणी म्हटली की रंग कधी अडकत नाही.

वर्तकसाहेब कानाशी येऊन म्हणाले, "जोमा, आज हे मशीन चाललंच पाहिजे. नाहीतर तुझा कागद विसर. जे नुसतं उभं असेल त्याच्या बॅटऱ्या काढ आणि याला लाव."

यात नवं काही नव्हतं. एक स्टॅकर मारून दुसरा जगवायचा, ही बंदराची जुनी रीत. पण त्या दिवशी बाकीचे सगळे स्टॅकर पळत होते. नुसत्या उभ्या होत्या त्या फाटकापाशी अध्यक्षांच्या ताफ्यातल्या चार मोटारी. जोमाने आधी आत डोकावलं. चार ड्रायव्हर घोरत होते. त्यांना बाहेर काढून चहाला पाठवलं. मग बॅटऱ्या काढल्या. मोटारींना कुलपं लावली, काचांवर लाल पाट्या टांगल्या, किल्ल्या स्टोअरमध्ये जमा केल्या. पावतीसुद्धा घेतली. कुठे म्हणून चुकला नाही बिचारा.

स्टॅकर धडधडला. कंटेनर उचलला, ठेवला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि अहवालात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'तीन नंबर चालू.'

"कुणी दुरुस्त केलं?"

मामांनी जोमाला पुढे ढकललं.

"शाब्बास! तुझ्या कागदावर आत्ताच सही करतो. बॅग गाडीत आहे. चल."

गाडीवर लाल पाटी डुलत होती.

"हे काय?"

"काम चालू हाय, सायेब. गाड्यांच्या बॅटऱ्या स्टॅकरला लावल्यान."

वर्तकसाहेब पांढरे पडले. "काढ त्या आधी!"

"चालू मशिनीला हात लावायचा नाय."

"मग बंद कर ती!"

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "मी 'चालू' लिहिलंय. आता बंद कशी करता?"

हे सगळ्यांनाच पटलं.

"निदान गाडी उघड, बॅग काढू."

"किल्ली स्टोअरमधी."

वरात स्टोअरवर गेली. अर्ज भरला. मामांची सही झाली, वर्तकसाहेबांची झाली, अध्यक्षांची झाली. स्टोअरकीपरने कागद उलटसुलट पाहिला. "शिक्का?"

अध्यक्षांचा शिक्का बॅगेत. बॅग गाडीत. गाडीची किल्ली स्टोअरकीपरच्या मागे खिळ्यावर. सगळ्यांना दिसत होती.

वर्तकसाहेब रडकुंडीला आले. "अरे जोमा, तुझाच कागद आहे आत! काढ ना ती किल्ली!"

जोमाचा जीव तुटला. हौसाबाय डोळ्यांपुढे उभी राहिली. मग तिचे शब्दही आठवले. तो जाऊन खिळ्यापुढे हात पसरून उभा राहिला.

"शिक्क्याबिगर नाय. अध्यक्ष आले तरी नाय. तुमीच सांगलाव, सायेब."

अध्यक्ष रिक्षाने गेले.

संध्याकाळी हौसाबाय दारातच उभी होती. "झालास का पक्का?"

"असा पक्का झालो का कुनी हात लावल तं शप्पत!" जोमा म्हणाला. "कागद कुलपान हाय."

"आनि किल्ली?"

जोमाने खिशातून पावती काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "देवापुढं ठेव."