राजाच्या गोधडीचा मोकळा कोपरा

एका राजाला झोप येत नसे. दरबारी चित्रकार विश्वंभरपंतांनी नदीपलीकडच्या वस्तीतल्या बायकांकडून त्याच्यासाठी गोधडी शिवून घेतली. ती पांघरली आणि राजा स्वप्नांत बुडाला.

सकाळी पंत म्हणाले, "महाराज, कल्पना माझी, शिकवणं माझं. गोधडीवर माझं एकट्याचं नाव हवं."

नाव काढायला राजानं वस्तीतल्या सारजाला बोलावलं. सुईत दोरा ओवत तिनं विचारलं, "महाराज, स्वप्नात कोण आलं होतं?"

राजाचे डोळे पुन्हा जडावले. "हिरव्या लुगड्यातली एक बाई पाण्यावरून चालत होती. लाल मुंडाशाचा म्हातारा ढग वळत होता, मेंढरं वळावीत तसे."

सारजानं हिरव्या तुकड्यावर हात ठेवला. "ही माझी सासू, कोंडाबाई. हे मुंडासं रावबाआज्याचं. आम्ही गोधडीला नवं कापड लावत नाही. अंगावर विरलेलंच लावतो, म्हणून त्यात माणूस राहतो. पंत दिसले का कुठं?"

"नाही बुवा."

"मी शिकवलंय यांना," पंत तडकले.

"शिकवलंत की. तुमचंही नाव घालू, सगळ्यांच्या शेजारी," सारजा शांतपणे म्हणाली. "खांद्यावरचं हे जरीचं उपरणं घेऊन आमच्यात शिवायला बसा. ते विरलं की तुकडा लावू आणि त्याच दिवशी नाव काढू."

पंतांनी उपरणं घट्ट आवळून धरलं.

राजा हसला. गोधडीवर शिवणाऱ्या सगळ्यांची नावं आली आणि एका कोपऱ्यात पंतांच्या तुकड्यापुरती जागा आरपार उसवून मोकळी सोडली गेली. राजा अजून सुखानं निजतो. फक्त त्याच्या पायाचा अंगठा त्या भोकातून बाहेर येतो आणि पंतांची वाट बघतो.