मागच्या दाराने निवडलेली पाकशाळा

ज्या काळी घाट चढायला तीन मुक्काम लागत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी कान देऊन ऐकावी, मोठ्यांनी मध्ये न बोलता ऐकावी.

नदीच्या उतारावर एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ, देवळाला लागून धर्मशाळा. धर्मशाळेची चूल येसू नावाच्या मुलीची आई सांभाळत असे. वाटसरूंना गरम जेवण घालायचं आणि मागच्या खोलीत राहायचं. चूल तिची, म्हणून खोलीही तिची.

एका वर्षी आईचा उजवा हात लुळा पडला. महिनाभरात गावचा पाटील दारात आला.

"चूल बंद ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "तुझी पोर अजून कच्ची आहे. माझा पुतण्या पाकशाळेत शिकायला निघालाय. वर्षभर गुरव कसंबसं भागवेल. पुढच्या उत्सवाला पुतण्याने आणि येसूने महाप्रसादाचा भात करावा. गावाला ज्याचा भात रुचेल, चूल त्याची."

"आणि खोली?" आईने विचारलं.

"खोली चुलीबरोबर."

येसूने दुसऱ्याच दिवशी भाकरी बांधल्या. राज्यात तीन पाकशाळा होत्या आणि तिच्या हाती होतं एक वर्ष. शाळा चुकली तर आईला लुळ्या हाताने दारोदार फिरावं लागणार होतं.

निघताना आई म्हणाली, "पुढच्या दाराने जाऊ नकोस. तिथे सगळं सारवलेलं असतं. मागच्या दाराने जा आणि एकच विचार, बिघडलेल्या भाताचं तुम्ही काय करता."

पहिली पाकशाळा राजधानीत होती. तांब्याची भांडी अशी लखलखत की त्यात तोंड बघावं. येसू मागे गेली. तिथे एक मिशीवाला शिष्य लसूण सोलत बसला होता.

"दादा, इथे बिघडलेल्या भाताचं काय करता?"

"इथे भात बिघडत नाही," तो ताठ्याने म्हणाला.

"तुम्ही किती वेळा केलात?"

त्याने लसणीकडे पाहिलं. "मला इथे चौथं वर्ष आहे. भात गुरुजीच करतात. आम्ही लांबून बघतो."

येसूने त्याला नमस्कार केला आणि वाट धरली. बघून भात येत असता तर गावातली मांजरं आचारी झाली असती.

दुसरी पाकशाळा डोंगरावरच्या पेठेत होती. तिचं नाव सगळ्यात मोठं. शिकून निघालेल्याला जरीचा पट्टा मिळे. पाटलाचा पुतण्या तिथेच दाखल झाला होता. येसू मागे गेली, तर भिंतीपाशी सात-आठ कुत्री लोळत होती, हलवायाच्या पोटासारखी पोटं घेऊन.

"ही एवढी माजली कशाने?" तिने तिथेच उभ्या असलेल्या पुतण्याला विचारलं.

तो हसला. "आपल्या कृपेने. काही बिघडलं की गुरुजींची पाठ वळताच भिंतीपलीकडे. दिसलं तर नाव कापतात. तू पण इथेच ये ना, पट्टा मिळेल."

"पट्टा कमरेला बांधायचा की हंड्याला?" येसू म्हणाली आणि डोंगर उतरली.

तिसरी पाकशाळा नदीकाठी होती. गवती छप्पर, मातीच्या चुली, दाराला कडी नाही. मागच्या अंगणात एक म्हातारी आणि तिच्या पाच शिष्या करपलेली खिचडी खात होत्या. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती, म्हातारीचंही.

येसूने विचारायच्या आधीच म्हातारी म्हणाली, "जिच्या हातून बिघडलं ती खाते. मी तिच्याबरोबर खाते. खाताना तिने सांगायचं, कुठे चुकलं. बाकीच्यांनी ऐकायचं. टाकून दिलेलं माणूस विसरतं गं. खाल्लेलं विसरत नाही."

येसूने पान मागून घेतलं आणि खाली बसली.

पुढचे आठ दिवस तिने रोज भात करपवला आणि रोज खाल्ला. पाचव्या दिवशी घाबरून तिने हंड्यात डाव घालून भात ढवळला. म्हातारी पहिला घास घेऊन म्हणाली, "काल तळाचा तेवढा करपला होता. आज तुझ्या डावाने सगळा करपवलास. करपलेलं तळाशी असतं तोवर तळाचंच. ढवळलंस की गावभर." नवव्या दिवशी भात मोकळा झाला. म्हातारीने कौतुक केलं नाही. दोनदा मागून घेतला.

वर्ष सरलं. उत्सव आला. पुतण्या जरीचा पट्टा मिरवत आला, येसू हाताला चटके घेऊन आली.

पाटील म्हणाला, "नदीकाठच्या शाळेचं नाव कोणी ऐकलंय का?" लोक हसले. आई हसली नाही.

देवळाच्या आवारात दोन हंडे चढले. गावाचा रिवाज असा, की देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चव घ्यायची नाही. त्या साली आंब्याची लाकडं भिजली होती, म्हणून पाटलाने बाभळीची दिली. बाभळीचा जाळ कडक. तो ओळखायला दोघांनाही उशीर झाला. दोन्ही हंड्यांतून करपल्याचा वास आला.

पुतण्याने इकडेतिकडे पाहिलं. वर्षभर जे शिकला होता तेच त्याने केलं. झटकन डाव घालून भात तळापासून ढवळला, वर तूप सोडलं, लवंगा टाकल्या आणि झाकण ठेवलं.

येसू मोठ्याने म्हणाली, "माझा भात खाली लागलाय. कोणी डाव घालू नका."

"ऐकलंत?" पाटील म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने सांगतेय."

"सांगतेय म्हणून वाचेल, पाटीलबाबा. बायांनो, रिकामा हंडा आणा आणि ही लाकडं ओढा."

तिने पसरट ताटलीने वरचा वरचा भात अलगद उचलून दुसऱ्या हंड्यात घेतला. तळाचा चार बोटं तसाच ठेवला, त्याला धक्का लागू दिला नाही. मग नव्या तांदळाचा आणखी एक हंडा चढवला. या वेळी बाभळीची दोनच लाकडं लावली.

नैवेद्य झाला. पंगत बसली. अर्ध्या लोकांना पुतण्याचा भात, अर्ध्यांना येसूचा.

पहिल्या घासाला एक आजी थांबली. "मेल्या, लवंगा घालून राख वाढलीस का रे मला?"

शेजारची म्हणाली, "माझा बघा, जाईच्या कळ्यांसारखा सुटाय."

मग पुतण्याच्या बाजूच्या पानांवरून एकच मागणी सुरू झाली, "येसूचा वाढा." येसूचा वाचवलेला भात संपला तेव्हा नवा हंडा उतरला होता. सगळ्या पंगती पोटभर उठल्या. पाटलाने स्वतः दोनदा भात मागितला, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात.

जेवण झाल्यावर त्याने गुरवाकडून चुलीची फुंकणी घेतली आणि सगळ्या गावासमोर येसूच्या हातात दिली. येसूने ती आईच्या डाव्या हातात ठेवली. आईने ती अशी धरली, की गावातल्या चार गड्यांनाही ओढून घेता आली नसती.

मग येसू आपल्या पहिल्या हंड्याच्या तळाची करपलेली खरवड पानात घेऊन खायला बसली. आई शेजारी बसली. थोड्या वेळाने पुतण्या आला. कमरेला पट्टा नव्हता.

"ढवळू नये, हे मला गुरुजींनी कधी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"तू त्यांना करपलेला भात कधी दाखवलास?"

"दाखवला असता तर हाकललं असतं."

"मग बस," येसू म्हणाली आणि अर्धी खरवड त्याच्यापुढे सरकवली. "खा, आणि कुठे चुकलं ते सांग."

त्याने खाल्ली. तोंड वाकडं केलं, पण पान पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी तो नदीकाठच्या पाकशाळेकडे निघाला, आणि तिथे पोचल्यावर मागच्या दाराने आत गेला.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: जिथे चूक लपवावी लागत नाही, तीच शाळा निवडावी.