पहिली पाटी कोणाची?

फार फार पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीसुद्धा ज्या काळाच्या नुसत्या गोष्टीच ऐकल्या असतील, त्या काळी डोंगरांच्या मधोमध एक धुक्याचा देश होता. देश केवढा, तर एक मोठं तळं आणि तळ्याकाठची सात गावं. सकाळी धुकं उतरलं की तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळायचं नाही. बदकं आभाळात पोहतायत आणि झाडं पाण्यावर उभी आहेत असं वाटायचं. तिथली माणसंही सावकाश बोलायची, सावकाश चालायची. "घाई कसली? धुकं उठल्यावर बघू," असं म्हणायची त्यांना सवयच होती.

पण झोपाळू असली तरी माणसं शहाणी होती, बरं का. राज्य चालवायचं काम त्यांनी केव्हाच स्वतःकडे घेतलं होतं. दर दोन वर्षांनी लोक आपल्यातूनच अकरा जणांची सभा निवडत. रस्ता कुठून न्यायचा, पाणी कुणाला किती सोडायचं, कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली, सगळं सभा बघायची. राजाला मात्र त्यांनी काढलं नव्हतं. बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. असू दे की एका बाजूला, असं सगळ्यांचं मत पडलं.

तर हा राजा तळ्यातल्या बेटावर राहायचा. वय साठीच्या पुढे, स्वभाव गरीब, डोळे कायम अर्धे मिटलेले. त्याला हुकूम सोडायचा अधिकार नव्हता. त्याला एकच मान होता, तो म्हणजे पहिल्या हाताचा. विहीर खणायची तर पहिली कुदळ राजाची. पेरणी करायची तर पहिली मूठ राजाची. आणि तळ्याच्या बांधाला डागडुजी करायची तर मातीची पहिली पाटी राजाची, कारण बांध त्याच्या खापरपणजोबांनी घातला होता. राजाची होडी अर्ध्या तळ्यात आली की नावाडी शंख फुंकायचा. शंख ऐकला की काठावरच्या सगळ्यांनी माना खाली घालून गप्प उभं राहायचं, आणि राजाचा हात लागेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. अशी रीत. लहानपणापासून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली.

बांधाच्या खाली कुंभारांची एकवीस घरं होती. त्यातल्या एका घरात हौसा कुंभारीण राहायची. हात मातीचे आणि जीभ तिखटाची. तिच्यासमोर मडक्याची घासाघीस करायची कुणाची टाप नव्हती. पण मनानं अगदी निर्मळ बाई. तिची सून नऊ दिवसांची बाळंतीण होती, आणि नातवाच्या कौतुकात हौसा त्या आठवड्यात कुणावर फारशी ओरडलीही नव्हती.

मार्गशीर्षातली एक सकाळ. धुकं असं दाट की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. तळं काठोकाठ भरलेलं. हौसा माती आणायला बांधावर गेली आणि तिच्या पायाला गार पाणी लागलं. वाकून बघते तर घुशींनी बांध पोखरलेला, आणि भोकातून करंगळीएवढी धार सुटलेली.

"अरे धावा! बांध गळतोय!" तिनं अशी आरोळी ठोकली की डोंगरावरची माकडंसुद्धा जागी झाली.

तिचा मुलगा आणि तिघं शेजारी बाळंतिणीची बाज उचलून वरच्या गावाकडे निघाले. बाकीची माणसं पाट्या घेऊन बांधावर जमली. ढोल वाजायला लागला, तशी सातही गावं लोटली. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांचा एकच गलका. मातीच्या पाट्या भरल्या, डोक्यावर चढल्या. आणि तिथंच सगळे थांबले.

"टाका की!" हौसा म्हणाली.

"पहिली पाटी महाराजांची," सभेचा मुख्य म्हणाला. हा मोठा नेमस्त माणूस. नियमाबाहेर शिंकायचा नाही. "ढोल ऐकून निघालेच असतील ते. थोडं थांबू."

राजा खरोखरच निघाला होता. ढोल कानावर पडताच तो अंगावरच्या कपड्यानिशी होडीत बसला होता. चहूकडे पांढरं पांढरं. वर काय, खाली काय, काही समजेना. आपण पाण्यावर आहोत की अजून अंथरुणातच आहोत, हेही त्याला क्षणभर कळेना. पण तो लांबचा गलका ऐकू येत होता आणि त्या आवाजाच्या रोखानं म्हातारा नावाडी होडी हाणत होता. अर्धी वाट सरली. नावाड्यानं सवयीप्रमाणे कमरेचा शंख काढला आणि फुंकला.

झालं! काठावरचा ढोल थांबला. गलका थांबला. सातही गावांची माणसं माना खाली घालून गप्प झाली.

आता होडी कुणीकडे न्यायची? नावाड्यानं उजवीकडे वळवली, मग डावीकडे वळवली, आणि कमळांच्या वेलीत नेऊन अडकवली.

"अरे, कशाला फुंकलास?" राजा कळवळून म्हणाला.

"चुकलं महाराज. हात आपोआप गेला."

राजा होडीत उभा राहिला आणि ओरडला, "बोला रे कुणीतरी! मी कमळांत अडकलोय, मला दिसत नाही! आणि माझी वाट बघू नका, टाका माती!"

धुक्यातून आवाज आला खरा, पण कुठून आला ते काठावर कळेना. माणसं एकमेकांच्या कानाशी लागली.

"महाराज म्हणतायत माती टाका."

"पण हुकूम सोडायचा अधिकार त्यांना नाही. तो सभेचा," कुणीतरी कुजबुजलं.

"मग सभेनं सोडावा."

"सभा पहिली पाटी टाकू शकत नाही," मुख्य हळूच म्हणाला. "तो मान महाराजांचा."

ऐकलंत? राजा सभेच्या तोंडाकडे बघतो, सभा राजाच्या हाताकडे बघते, आणि पाणी कुणाकडेच बघत नाही. करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली. मनगटाएवढी मांडीएवढी झाली. खाली एका कुंभाराचं घर बसलं. मग दुसरं बसलं. तिसरं हौसाचं होतं.

आपलं घर खाली बसल्याचा आवाज हौसानं ऐकला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिचं डोकं फिरलं. मडक्यांसाठी तुडवून ठेवलेल्या, पाटीतून बांधावर आणलेल्या चिकणमातीचा भलामोठा गोळा तिनं उचलला आणि भोकावर थापकन मारला.

"अगं हौसा!" माणसं दचकली. "पहिला हात!"

"पहिला हात गेला खड्ड्यात!" ती गरजली. "हात काय शोभेला दिलेत देवानं? टाका माती, नाहीतर एकेकाला उचलून त्या भोकात कोंबते!" आणि तळ्याकडे वळून तिनं तोंडाशी हात धरले. "ओ महाराज! इकडं! इकडं वळवा! आवाजावर या! तिकडं कुठं कमळं खुडत बसलाय?"

राजाला जन्मात कुणी असं हाक मारून बोलावलं नव्हतं. त्याचे डोळे पहिल्यांदाच पुरते उघडले. "आलो, आलो!" म्हणत त्यानं स्वतः वल्हं हातात घेतलं.

एकदा एकानं टाकल्यावर मग काय! धडाधड पाट्या पडायला लागल्या. राजा काठाला लागला तेव्हा कुणाचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. कुणीतरी त्याच्या डोक्यावर पाटी दिली. ती साधारण चारशेवी पाटी असावी. दुपारी धुकं उठलं तेव्हा बांधाचं भोक बुजलं होतं. सात घरं गेली, मडकी भाजायचे सगळे आवे विझले, पण माणूस एकही गेलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, लोकांनी हौसाला डोक्यावर घेतलं असेल. छे हो! तिसऱ्या दिवशी सभा बसली ती तिचा न्याय करायला. तिनं पहिला हात मोडला होता, शंखानंतरचं मौन मोडलं होतं, आणि महाराजांना भर तळ्यात नाही नाही ते बोलली होती. या तिन्हींची शिक्षा एकच होती, देशाबाहेर जाणं. सून नातवाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात रडत बसली होती. हौसाचं घर तर गेलंच होतं, आता गावही जायची वेळ आली.

"माझं काही म्हणणं नाही," हौसा म्हणाली. "पुन्हा धार दिसली तर पुन्हा गोळा मारीन. काय करायचं ते करा."

मुख्यानं राजाकडे पाहिलं. असं विचारायची रीत होती. राजानं काही बोलायची रीत नव्हती. पण राजा उभा राहिला.

"हिला घालवायचं असेल तर मलाही घालवा," तो म्हणाला. "हिनं हाक मारली नसती तर मी आजही त्या कमळांत असतो. तुम्ही गप्प राहिलात तो माझा मान म्हणून. त्या मानानं मी बुडालो असतो आणि तुमचीही घरं बुडाली."

सभेत चुळबुळ सुरू झाली. मागून एक तरुण विणकर उठला आणि म्हणाला, "मग स्पष्टच बोलू या. कारभार आपण करतो, तर राजा हवाच कशाला?"

म्हातारा नावाडी थरथरत उभा राहिला. "असं बोलू नका रे. सभेतला माणूस कुणाचा तरी असतो. कुणी वरच्या गावाचा, कुणी खालच्या. राजा कुणाचाच नसतो, म्हणून तर तो सगळ्यांचा."

म्हाताऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. राजानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कुणाचाच नसतो, हे मात्र खरं बोललास," तो म्हणाला. "नऊ वर्षांचा होतो तेव्हा मला बेटावर नेऊन बसवलं. हा हवा का, असं तुम्हाला कुणी विचारलं नाही, आणि तुला हे हवं का, असं मलाही विचारलं नाही. या देशात गुराख्यालासुद्धा मत आहे. मला आहे का?"

मुख्यानं घाईघाईनं नियमांची पोथी चाळली. "राजाला मत नसतं, महाराज," तो खालच्या आवाजात म्हणाला. हे वाचताना त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"म्हणजे सगळा देश मोकळा आणि मी एकटा बांधलेला," राजा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. हौसालाही ते ऐकून गलबलून आलं.

मग मत घ्यायचं ठरलं. त्या देशात प्रत्येकाला एक चिंचोका मिळायचा आणि तो आपल्या पसंतीच्या मडक्यात टाकायचा. एक मडकं 'राजा असावा' म्हणणाऱ्यांचं, दुसरं 'राजा नसावा' म्हणणाऱ्यांचं. दिवसभर रांग चालली. कितीतरी जण दुसऱ्या मडक्यात चिंचोका टाकताना रडत होते. राग कुणाचाच नव्हता हो त्याच्यावर. संध्याकाळी मडकी तराजूत घातली तेव्हा दुसरं जड निघालं. हौसाची शिक्षा त्याच वेळी रद्द झाली, कारण जो हात आता उरलाच नाही तो मोडल्याचा गुन्हा कसला?

दुसऱ्या दिवशी सभेच्या कारकुनानं मतदारांची वही उघडली आणि तो अडला.

"महाराज... म्हणजे, अहो... तुमचं नाव काय लिहू?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. राजाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आई भिकू म्हणायची," राजा लाजून म्हणाला. "माझ्या आधीची दोन मुलं गेली होती. मी जगावं म्हणून असं नाव ठेवलं."

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, आणि भिकूही हसला. त्या दिवसापासून तो भिकूअण्णा झाला. बेटावरचा वाडा आजारी माणसांसाठी दवाखाना झाला. भिकूअण्णा कुंभारवाडीत राहायला आला. पडलेली सात घरं उभी करायला सगळा देश लागला आणि आठवं छोटंसं घर त्याचं झालं. सुरुवातीला त्याला चूल पेटवता येत नव्हती. तीन दिवस त्यानं करपलेली भाकरी खाल्ली आणि चौथ्या दिवशी हौसाच्या सुनेनं त्याला जेवायला बोलावलं.

पुढच्या पौर्णिमेला बांधाची राखण करणारा माणूस निवडायचा होता. दोघं उभे होते. एक सभेचा मुख्य आणि दुसरी हौसा. पांढऱ्या पट्ट्याचं मडकं मुख्याचं, तांबड्या पट्ट्याचं हौसाचं. भिकूअण्णा रांगेत सगळ्यांसारखाच उभा राहिला. त्याच्या मुठीत त्याच्या आयुष्यातला पहिला चिंचोका होता. घामानं तो ओला झाला होता.

त्याचा नंबर आला. दोन्ही मडक्यांसमोर तो उभा राहिला. मुख्य नियमाचा पक्का होता, रोज न चुकता बांधावर गेला असता. हौसा हिमतीची होती. काय करावं? साठ वर्षांत त्याला कधी काही निवडावं लागलं नव्हतं. मागं वळून पाहिलं तर रांगेत हौसाच उभी होती.

"हौसा," तो हळूच म्हणाला, "कुठल्या मडक्यात टाकू गं?"

त्या धुक्यातून त्याला काठावर आणणारी बाई हीच. पण या वेळी तिनं कमरेवर हात ठेवले आणि मान हलवली.

"ते मी नाही सांगायची, अण्णा."

"अहो, आटपा की लवकर!" मागून कुणीतरी ओरडलं. "आम्हालाही कामं आहेत!"

भिकूअण्णानं डोळे मिटले, पुन्हा उघडले, बराच वेळ विचार केला, आणि चिंचोका टाकला. कुठल्या मडक्यात, ते त्यानं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: मान कुणालाही द्यावा, पण आपला हात कुणाकडे गहाण टाकू नये. त्यात आपलं घर बुडतं, आणि ज्याला मान दिला तो बिचाराही माणसात येत नाही.