सुगरणीचा प्रबंध

माणसं ताडपत्रावर अक्षरं कोरत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. रानाच्या कडेला एक गुरुकुल होतं. तिथल्या वृद्ध आचार्यांना सगळे माई म्हणत. त्यांची सर्वांत लाडकी शिष्या होती उत्पला.

दर कार्तिकात विद्वानांची सभा भरे. शिक्षण संपलेल्या शिष्याने तिथे स्वतःचा प्रबंध वाचायचा. तो सभेला पटला, तरच त्याला शिकवायचा अधिकार मिळे. उत्पलाला तर माईंच्या शेजारी बसूनच शिकवायचं होतं. तिने विषय निवडला, सुगरण पक्षी.

"सुगरणीचं काय?" माईंनी विचारलं.

"सगळंच," उत्पला म्हणाली.

माई हसल्या. "बरं. आराखडा झाला की दाखव हो, कच्चा असला तरी."

पण ज्यांनी आपल्याला लहानाचं मोठं केलं, त्यांच्या हाती कच्चं काम द्यायचं, हे उत्पलाच्या मनाला पटेना. पुरा ग्रंथच पायाशी ठेवू, माई किती हरखतील, असं ठरवून ती लिहीत सुटली. पिसांवर लिहिलं, अंड्यांवर लिहिलं, पिल्लांच्या भुकेवरही लिहिलं. ताडपत्रांचा ढीग झाला, पण कशाचा कशाला मेळ लागेना. श्रावण लागला तशी तिची अन्नावरची वासना उडाली. माई तिच्या भातावर तूप जरा जास्तच वाढत, पण विचारत मात्र काही नसत.

एके सकाळी विहिरीकाठच्या बाभळीखाली ती डोळे पुसत बसली होती. वर सुगरणीच्या नराने अर्धं घरटं विणलं होतं आणि पंख फडफडवत तो मादीला बोलावत होता. मादी आली. तिने वीण ओढून पाहिली, आत डोकावली आणि उडून गेली. नराने ते घरटं तसंच सोडलं आणि शेजारच्या फांदीला नवं पातं गुंडाळायला घेतलं.

उत्पलाला त्याची कीव आली. "अरे, पुरं बांधून मग का नाही बोलावत तिला?"

"पुरं बांधल्यावर ती नको म्हणाली, तर सगळा ऋतू फुकट जाईल," पक्षी म्हणाला. "आत्ता वाया गेली ती फक्त चार पाती."

उत्पला तशीच उठली. मादी काय पाहून घरटं नाकारते, वीण की फांदी, एवढाच प्रश्न तिने एका ताडपत्रावर लिहिला. खाली आपण काय वाचणार नि काय पाहणार तेही लिहिलं. मग भीत भीत ती माईंकडे गेली.

माईंनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. "विणीबद्दल माझ्या गुरूंनीच लिहून ठेवलंय, ते आधी वाच. फांदीचं मात्र कुणी पाहिलेलं नाही. तेवढंच धर." मग त्यांनी हळूच विचारलं, "इतके दिवस आली का नाहीस गं?"

"तुम्हाला पुरं झालेलं द्यायचं होतं."

माईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पुरं झालेलं मी नुसतं वाचेन, बाळ. कच्चं असलं की तुझ्यासोबत बसता येतं."

त्या ऋतूत दोघी रोज बाभळीखाली बसल्या. कार्तिकात उत्पलाने वाचलेला प्रबंध अगदी लहान होता. एक पंडित तेवढ्यावरून कुरकुरले, पण सभेतल्या सर्वांत वडीलधाऱ्या पंडितांनी तो पुन्हा वाचायला लावला आणि मान डोलावली. पुढल्या वर्षी गुरुकुलात माईंच्या शेजारी आणखी एक आसन मांडलं गेलं.

तात्पर्य: प्रश्न नेमका धरावा आणि आराखडा कच्चा असतानाच जाणत्याला दाखवावा.